भिंतीवरच्या हत्तीचे डोळे

कर्रर्र… कुईं… कर्रर्र… कुईं…

फार जुन्या काळी एका गावात दिवस उगवला की हा आवाज सुरू व्हायचा. तो तेल्याच्या घाण्याचा आवाज होता. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की तो कुणाला ऐकूच येत नसे. ऐकू यायचा तो फक्त तेल्याच्या मुलाला. कारण हा आवाज कधी थांबतो, याची तो दिवसभर वाट बघत असे.

मुलाचं नाव निंबा. घाणा ओढणाऱ्या बैलाचं नाव पवळ्या. घाण्याला जुंपण्याआधी तेली पवळ्याच्या डोळ्यांवर कातड्याची झापडं बांधायचा. मग पवळ्या चालू लागायचा. गोल गोल, त्याच जागी, करडईचं तेल निघेपर्यंत.

"बा, त्याचे डोळे का बांधतोस?" निंबाने एकदा विचारलं.

"बघत फिरला तर भोवळ येईल त्याला."

"मग बांधल्यावर त्याला काय वाटत असेल?"

तेली हसला. म्हणाला, "वाटत असेल, लांबच्या कुठल्या तरी गावाला चाललोय."

हे बोलणं निंबाच्या मनात जाऊन बसलं. त्या दिवसापासून झापडं सोडायचं काम त्याने स्वतःकडे मागून घेतलं. घाणा थांबला की तो धावत जायचा, पवळ्याच्या अगदी समोर उभा राहायचा आणि गाठ सोडायचा. उजेड लागला की पवळ्या आधी डोळे मिटून घ्यायचा. मग हळूच उघडायचा. डोळ्यांत थोडं पाणी असायचं, पापण्यांच्या केसांना धूळ लागलेली असायची, आणि त्या काळ्या ओल्या डोळ्यात निंबाला तो स्वतः इवलासा उभा दिसायचा.

दिवसभर चालून माणसाने परगावी पोचावं आणि तिथे दारात ओळखीचं कुणी उभं दिसावं, तसा पवळ्या त्याच्याकडे बघायचा. रोज. कुठे पोचलो नाही, आहे तिथेच आहोत, याचा राग त्या बघण्यात कधी नसायचा.

पुढे पवळ्या म्हातारा झाला आणि एका हिवाळ्यात गेला. निंबा रडला, जेवला नाही, मग जेवला. पण काही दिवसांनी त्याला एक वेगळीच भीती वाटू लागली. ते बघणं आपण विसरलो तर? त्याने चुलीतला कोळसा घेतला आणि घाण्याच्या खोलीत भिंतीवर एक डोळा काढला. तो काही जमला नाही. त्याच्या शेजारी दुसरा काढला. मग तिसरा. बघता बघता सगळी भिंत डोळ्यांनी भरून गेली.

तेली तेलाचं माप घ्यायला आत आला आणि दारातच थबकला.

"अरे, हे काय केलंस? आता मला माझ्याच घाण्यावर बसायची लाज वाटेल. सगळे माझ्याकडेच बघतायत की."

पण तेली शहाणा होता. हे पोर घाण्याचं नाही, हे त्याने ओळखलं. करडई पेरली की करडईच उगवते, असं माणसाच्या पोराबद्दल म्हणता येत नाही. बाजाराच्या दिवशी त्याने निंबाचा हात धरला आणि त्याला पेठेतल्या भानबा चिताऱ्याकडे नेलं. देवळांच्या आणि वाड्यांच्या भिंतींवर चित्रं काढण्यात त्या मुलखात भानबाचा हात धरणारा कुणी नव्हता.

भानबाने निंबाच्या हातात कोळसा दिला. निंबाने फरशीवर काढून दाखवलं.

"हे काय?"

"डोळा."

"कुणाचा?"

"आमच्या पवळ्याचा. बैल होता."

"बरं. आणि बाकीचा पवळ्या कुठाय?"

निंबा जरा घुटमळला. "बाकीचा मला नीट येत नाही."

भानबा मोठ्याने हसला. "मग राहा इथे. बाकीचा मी शिकवतो."

निंबा तिथे राहिला. गेरू कुटायला शिकला, डिंक भिजवायला शिकला, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला बांधायला शिकला. मग खाका शिकला. खाका म्हणजे चित्राचा कागद. त्याच्या रेघांवर सुईने बारीक भोकं पाडलेली असतात. तो कागद भिंतीला लावायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची आणि कागद काढून घ्यायचा. भिंतीवर ठिपक्या-ठिपक्यांचा हत्ती उभा राहतो. घोडा, वाघ, देव, दानव, सगळ्यांचे खाके भानबाकडे होते. त्याच्या गुरूकडून आलेले, गुरूच्या गुरूकडून आलेले.

पण एक गोष्ट कुठल्याच खाक्यात नव्हती. डोळ्याच्या जागी सुई टोचलेली नसायची. ती जागा कोरी.

"डोळा शेवटी," भानबा सांगायचा. "सगळे रंग वाळले की मग. आणि तो ज्याचा त्याने द्यायचा."

निंबाचा हात चांगला तयार झाला. घोड्याची मान अशी वळवायचा की वारा दिसावा. पण डोळ्यापाशी आला की त्याची पंचाईत व्हायची. वाघ असो, मोर असो, डोळा पवळ्याचाच यायचा. त्याच्याबरोबर शिकणारा केरबा म्हणून एक मुलगा होता. त्याला तर ही मेजवानीच झाली.

"निंबा, मारुतीला तरी सोड रे बाबा," तो म्हणायचा. "पुढच्या शनिवारपर्यंत त्याला शिंगं फुटतील."

शेवटी निंबा खाली मान घालून भानबाकडे गेला.

"बाबा, माझ्या हातून दुसरा डोळा निघत नाही."

भानबाने काठी घेतली आणि तो त्याला टेकडीवरच्या देवळात घेऊन गेला. तिथल्या भिंती भानबाने तरुणपणी रंगवलेल्या होत्या.

"या देवीकडे बघ. आता या हरणाकडे. आणि आता त्या राक्षसाकडे बघ."

निंबाने बघितलं. पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाला, "तिघांचे डोळे एकच आहेत."

"माझ्या आईचे आहेत," भानबा म्हणाला. "मला नदीपलीकडे शिकायला पाठवलं तेव्हा ती काठावर उभी होती. नाव दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मी परत गेलो तेव्हा ती नव्हती. तेव्हापासून कुंचला डोळ्यापाशी आला की हात तिकडेच जातो."

"राक्षसालासुद्धा आईचे डोळे?"

"म्हणून तर आमच्या राक्षसाला पोरं भीत नाहीत. त्याच्या पायाशी बसून भाकऱ्या खातात." भानबा आपल्याच बोलण्यावर हसला. "आणि माझ्या गुरूंचं ऐक. त्यांना कबुतरांचा नाद. जन्मभर कबुतरं पाळली, लग्नसुद्धा त्या नादात राहून गेलं. त्यांचे देव नीट बघ कधी. सगळे मान जराशी कलती करून एका डोळ्याने बघतात. आता दाणे टाकतोस की नाही, असं विचारल्यासारखे."

त्या दिवसापासून निंबाची लाज गेली. तो दर आठवड्याला गुरांच्या बाजारात जाऊ लागला. घ्यायचं काही नाही, नुसता बैलांसमोर उभा राहायचा. व्यापारी म्हणायचे, "आलं बघा आमचं फुकटचं गिऱ्हाईक." निंबा हसायचा. एखाद्या बैलाने पवळ्यासारखं बघितलं की त्याचा सगळा आठवडा बरा जायचा. त्याच्या वयाच्या लोकांची लग्नं झाली, पोरं झाली, निंबाचंही सगळं झालं. पण बाजाराचा दिवस त्याने कधी चुकवला नाही. बायको म्हणायची, "सवत असती तर भांडले असते. बैलांशी काय भांडायचं?"

अशी वर्षं गेली. भानबाचा हात कापू लागला. आणि त्याच सुमाराला त्या मुलखाच्या सरदाराने मोठ्या रस्त्यावर वाटसरूंसाठी एक धर्मशाळा बांधली. तिची समोरची भिंत एवढी लांबरुंद होती की तशी भिंत कुठल्या चिताऱ्याला जन्मात एकदाच मिळावी. सरदाराने भानबाला बोलावणं पाठवलं. भानबा निंबाला बरोबर घेऊन गेला आणि म्हणाला, "सरकार, माझा हात आता हा."

सरदार उंचापुरा होता. कमी बोलायचा आणि बोलायचा तो हुकूमच असायचा.

"आमच्या वडिलांचा हत्ती हवा," तो निंबाला म्हणाला. "वर अंबारी, अंबारीत वडील. रस्त्याने जाणाऱ्याला धाक वाटला पाहिजे."

"जी सरकार," निंबा म्हणाला.

त्या मुलखात चिताऱ्यांची एक रीत होती. चित्राला डोळे दिले की भिंतीचा मालक यायचा. त्याच्यासमोर एका बाजूला नारळ आणि दुसऱ्या बाजूला चुन्याची बादली ठेवायची. चित्र पसंत पडलं तर मालक नारळ फोडायचा. नाही पडलं तर मालकाने स्वतःच्या हाताने चित्रावर चुन्याचा पहिला पट्टा ओढायचा. आणि ज्याच्या चित्राला चुना लागला त्याला त्या मुलखात पुन्हा कुणी भिंत देत नसे. त्याने मग कुंचला ठेवून दुसरं काहीतरी बघायचं.

निंबाने जीव ओतून काम केलं. हत्ती उभा राहिला. करड्या कातडीवरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. पायातले साखळदंड वाजतील असे वाटत होते. अंबारीतले थोरले सरदार ताठ बसलेले. खालून बघणाऱ्याची पगडी पडेल एवढा तो हत्ती उंच झाला. सगळे रंग वाळले. मग निंबा बांबूंच्या परांचीवर चढला आणि त्याने हत्तीला डोळे दिले.

दुसऱ्या दिवशी सरदार आला. लोक गोळा झाले होते. सरदाराने पायापासून वर बघायला सुरुवात केली. साखळदंडापाशी त्याने मान डोलावली. वडिलांचा चेहरा बघून तो क्षणभर थांबला. मग त्याची नजर हत्तीच्या डोळ्यांवर गेली.

"हे काय आहे?"

सरदाराने बोट वर करून डोळ्यांकडे दाखवलं.

"याला बघून शत्रू पळेल? शत्रू याला चारा घालेल." सरदाराचा आवाज चढला नाही, पण लोक मागे सरकले. "हत्तीचे डोळे असे नसतात. उद्या सकाळी मी परत येईन. तोवर डोळे बदल. नाहीतर चुना."

सरदार गेला, पण लोक गेले नाहीत. एक तट्टूवाला वाटसरू पाणी प्यायला थांबला होता. तो म्हणाला, "माझी घोडी अशीच बघायची. मी बाजारातून आलो की."

"माझी सासू बघायची अशी," एक कासारीण बांगड्यांची माळ खांद्यावर सारत म्हणाली. "शेवटच्या आजारात. त्याआधी नाही हं. त्याआधी तिच्या डोळ्यांत अंगार."

लोक हसले. निंबाला हसू आलं नाही. तो तडक सरदाराच्या हत्तीखान्यात गेला. माहुताला विचारून हत्तीसमोर बसला आणि दुपारभर बघत राहिला. हत्तीचा डोळा बारीक होता, हुशार होता, भोवती सुरकुत्यांचं जाळं होतं. निंबाने कौलाच्या तुकड्यावर तो डोळा जसाच्या तसा उतरवला आणि भानबाला नेऊन दाखवला.

भानबाने कौल डोळ्यांजवळ धरलं. "हत्तीचाच आहे. कुणी नाव ठेवणार नाही."

"पण बाबा, हा दिसतो. बघत नाही."

भानबाने कौल खाली ठेवलं. मग म्हणाला, "निंबा, माझं ऐकशील? हाच लाव. हट्ट करू नकोस. माझ्या मागे या पेठेत तूच आहेस. केरबा दुकानांच्या पाट्या रंगवतो आता. तुझी भिंत पुसली तर सगळं पुसलं."

"तुम्ही असता तर बदलला असता डोळा?"

भानबाने काठी उगीचच या हातातून त्या हातात घेतली.

"मला असा सरदार भेटला नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? नशीब म्हणायचं."

निंबाने कौल घेतलं आणि तो पुन्हा भिंतीकडे गेला. परांचीवर चढला. एका हातात कौल, दुसऱ्या हातात कुंचला. समोर डोळा. ऊन तिरपं झालं होतं आणि सरळ त्या डोळ्यावर येत होतं. निंबाच्या मनात आलं, घर आहे, पोरं आहेत, म्हातारे भानबा आहेत. एक पांढरा थर द्यायचा, वर बारीकसा डोळा काढायचा. तासाभराचं काम. त्याने कुंचला पुढे नेलासुद्धा. पण हा डोळा झाकायचा म्हणजे काय करायचं, हे त्याच्या ध्यानात आलं. जो दिवसभर अंधारात चालून आला आणि तरी ज्याने आपल्याकडे मायेने बघितलं, त्याला आपल्याच हाताने पुन्हा झापडं बांधायची. कायमची.

त्याने कुंचला धुतला, पुसला आणि तो खाली उतरला.

सकाळी सरदार आला. मागे चाकराच्या हातात चुन्याची बादली होती. नारळ आणलेला नव्हता. भानबा काठी टेकत येऊन धर्मशाळेच्या पायरीवर बसला होता.

"बदलले नाहीस," सरदार म्हणाला.

निंबाने कौल पुढे केलं. "सरकार, हा आपल्या हत्तीचा डोळा. जसाच्या तसा काढलाय. मला येत नाही असं नाही. पण भिंतीवरचा डोळा माझ्याच्याने झाकवत नाही. ज्याने मला चितारी केलं त्याचा आहे तो."

"कुणाचा?"

"आमच्या घाण्याच्या बैलाचा."

चाकर फिसकन हसला. सरदाराने त्याच्याकडे बघितलं तशी तो गप्प झाला.

"आमच्या वडिलांच्या हत्तीला," सरदार एकेक शब्द तोलत म्हणाला, "तू घाण्याच्या बैलाचे डोळे दिलेस."

"होय सरकार."

"का?"

निंबाने हातातल्या कौलाकडे बघितलं. त्याला मोठं काही बोलता येत नव्हतं. "माझ्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं," तो म्हणाला.

"भिंत जाईल. पुन्हा मिळणार नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

सरदाराने चाकराच्या हातातून बादली घेतली. चुन्याचा कुंचा तिच्यातच होता. तो परांचीवर चढू लागला. त्याच्या वजनाने बांबू करकरले. तो थेट वर गेला, हत्तीच्या तोंडासमोर. इतका वेळ त्याने ते डोळे खालून बघितले होते. आता ते अगदी समोर होते, हाताच्या अंतरावर.

त्याने बादली ठेवली आणि चुन्यात बुडवलेला कुंचा वर उचलला.

निंबाने मान खाली घातली. आपली भिंत पुसलेली बघायची त्याची तयारी होती, पुसताना बघायची नव्हती. तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघत उभा राहिला. वरून चुन्याचा एक थेंब पडला. मग आणखी एक. मग थेंब पडायचे थांबले.

पण कुंचा भिंतीवर घासल्याचा आवाज आला नाही.

निंबाने वर बघितलं. सरदाराचा उचललेला हात खाली आला होता आणि कुंच्यावरचा चुना वाळायला लागला होता. दुसरा हात हत्तीच्या कपाळावर टेकलेला होता. एवढा मोठा माणूस, पण पाठीकडून बघताना तो कुणीतरी लहान मूल असल्यासारखा दिसत होता. तो कुणाकडे बघत होता, कोण त्याच्याकडे बघत होतं, हे खालच्या कुणालाच कळलं नाही. पायरीवर बसलेला भानबा मात्र उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

बराच वेळ गेला. रस्त्याने एक गाडी आली आणि निघूनही गेली.

मग सरदार खाली उतरला. त्याच्या तळहाताला हत्तीच्या करड्या रंगाची पूड लागली होती. कुंचा त्याने बादलीत परत टाकला. चाकर बादली घ्यायला पुढे झाला, पण सरदाराने ती दिली नाही. निंबासमोर येऊन तो थांबला, काही विचारायचं असावं तसा. पण त्याने विचारलं नाही. बादली स्वतःच्याच हातात धरून, जरीच्या जोड्यांवर चुना सांडतोय याकडे न बघता, तो रस्त्याने चालत निघून गेला. भिंतीला चुना लागला नाही; हत्तीचे ते डोळे तिथेच राहिले.

तात्पर्य: हात गुरूकडून शिकता येतो आणि रंग बाजारात मिळतात, पण चित्र आपल्याकडे बघू लागतं ते चिताऱ्याने ज्याच्यावर जन्मभर जीव लावला त्याच्याच डोळ्यांनी.